‘सिस्टर’ म्हणून कोण येणार?

“आईंना परक्या बाईच्या हवाली करायचं म्हणजे जिवाला घोर. घरी नर्स पाठवणारी एजन्सी चांगली हे ओळखायचं कसं?” वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या एका सुनेचा हा प्रश्न. सासूबाई 76 वर्षांच्या, अर्धांगवायूने उजवी बाजू लुळी, आहार नाकातल्या नळीने, लघवीला कॅथेटर, म्हणजे मूत्राशयात घातलेली नळी. नवरा-बायको दोघंही नोकरीवर.

हातात रेटकार्ड होतं: ‘सिस्टर, 12 तास’. पहिली गफलत इथेच होते. अंग पुसणं, डायपर, कूस बदलणं आयाबेन करते. नळी, कॅथेटर, इंजेक्शन हे नर्सचं काम. एएनएम (सहायक नर्स-दाई) दोन वर्षं शिकते, जीएनएम (जनरल नर्सिंग व मिडवाइफरी केलेली) तीन, आणि नोंदणी गुजरात नर्सिंग कौन्सिलकडे असते. गणवेश चढवला की दोघीही सिस्टरच! म्हणून जी प्रत्यक्ष घरी येणार, तिचं नोंदणीपत्र, त्याची मुदत आणि पोलीस पडताळणी बघायची.

एजन्सीला विचारायचे प्रश्न मोजके. बाई आली नाही तर बदली किती तासांत? मध्यरात्री नळी निघाली तर फोन कुणाला? देखरेखीला वरिष्ठ नर्स किती दिवसांनी येणार? ॲडव्हान्स परत कधी? उत्तरं लेखी हवीत. ‘टेन्शन घेऊ नका’ हे उत्तर नव्हे.

पहिले तीन दिवस घरातल्या कुणीतरी रजा घ्यावीच. आहार देताना पाठ 30 ते 45 अंश उचललेली हवी. आधी नळी जागेवर आहे का ते तपासायचं, आहार हळूहळू सोडायचा आणि नंतर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही; नाहीतर तो श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खाली लटकती, पण जमिनीला न टेकणारी. उठवताना लुळा हात ओढला तर खांदा निखळू शकतो.

या घरी दिवस ठीक गेले, बिघडलं रात्री. चौथ्या पहाटे पाच वाजता सुनेने नोंदवही उघडली, तर ‘सहा वाजता कूस बदलली’ हे आधीच लिहिलेलं. माकडहाडापाशी लाल चट्टा होता. बोटाने दाबला तरी पांढरा पडेना. बेडसोरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमेची, ही पहिली पायरी. एजन्सी म्हणाली, “उद्या दुसरी पाठवतो.” बघायला कुणी आलं नाही.

“माझंच चुकलं,” म्हणत ती बराच वेळ रडली. खरं तर चट्टा कातडी फुटायच्या आत सापडला तो तिने वही उघडली म्हणूनच, आणि हे तिला स्पष्ट सांगणं गरजेचं होतं. माणूस ठेवलं म्हणून मायेत खोट येत नाही, आणि वही तपासली म्हणून कुणाचा अपमान होत नाही.

डॉक्टरांना दाखवलं, एजन्सी बदलली. नवीन ठिकाणची वरिष्ठ नर्स दर सांगण्याआधी घरी आली, टाचा आणि पाठ पाहून गेली, दर दोन तासांनी कूस बदलण्याचा तक्ता लावला. सून अजूनही एखाद्या रात्री तीनला उठून वही बघते. दोनची नोंद असते, चारची ओळ कोरी.