प्रश्न तुमचे, उत्तरं आमची : जुन्या ब्राउझरवर साईट तपासायची कशी?

प्रश्न : मी सांगलीत फ्रीलान्स वेबसाईटी बनवतो. एका पतसंस्थेचं सभासद पोर्टल केलंय, माझ्या क्रोमवर झकास चालतं, पण त्यांच्या काउंटरवरच्या पीसीवर विंडोज ७ आणि इंटरनेट एक्सप्लोरर (आयई) आहे, तिथे पान पांढरंफटक. दरवेळी शाखेत जाऊन बघणं परवडत नाही. लॅपटॉप विंडोज ११, रॅम ८ जीबी. घरबसल्या काही जमेल का? आणि आयई ६ पासून सगळी व्हर्जन तपासू का?

उत्तर : आयई ६ डोक्यातून काढून टाका, २००१ चं प्रकरण आहे ते. आधी शाखेत फोन करून हेल्प मेनूतल्या अबाउटमध्ये कुठलं व्हर्जन लिहिलंय ते वाचून घ्या. विंडोज ७ सोबत आयई ८ यायचं आणि त्यावर ११ पर्यंत चढवता यायचं, त्यामुळे ११ असेल असं धरून चालू नका.

११ निघालं तर लगेच व्हीएमच्या (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आतच चालणारा दुसरा नकली पीसी) मागे लागायची गरज नाही. तुमच्या विंडोजमधल्या एज ब्राउझरमध्येच आयई मोड आहे, सेटिंग्जमधे डिफॉल्ट ब्राउझरखाली चालू करा, त्यात आयई ११ चंच इंजिन चालतं. पांढऱ्या पानाचं कारण बहुतेक तिथेच सापडेल, कारण आयई ११ ला अॅरो फंक्शन (जावास्क्रिप्टमधे फंक्शन लिहायची नवी पद्धत) कळत नाही, फाईलमध्ये एक जरी दिसलं की सिंटॅक्स एरर आणि ती अख्खी स्क्रिप्ट झोपते. सीएसएस व्हेरिएबल, फेच, प्रॉमिस हेही त्याला माहीत नाही. बेबल लावा (ते नवं जावास्क्रिप्ट जुन्या पद्धतीत उतरवतं), पॉलिफिल टाका (ब्राउझरमध्ये नसलेली सोय भरून काढणारा कोड), अर्धं दुखणं तिथेच जाईल.

पण शेवटची खात्री व्हीएममध्येच करायची, कारण ब्राउझर एकटा नसतो, खाली जुनं विंडोज असतं आणि त्याचे फॉन्ट असतात. आयई ११ ला वॉफ२ फॉन्ट चालत नाही, तुम्ही फक्त तोच दिला असेल तर मराठी मजकूर मशीनवरच्या फॉन्टमध्ये उतरतो. तुमच्या विंडोज ११ वर तो निर्मला, शाखेतल्या ७ वर मंगल, मग बटणावरचं ‘रक्कम भरा’ दुसऱ्या ओळीत घसरतं आणि तुम्हाला आयई मोडमध्ये ते कधीच दिसणार नाही.

तर व्हर्च्युअलबॉक्स घ्या (व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर), ३२ बिटचं विंडोज ७ टाका (लायसन्स तुमचं स्वतःचं लागेल, मायक्रोसॉफ्ट २०१३ पासून टेस्टिंगला ९० दिवसांची फुकट मशीनं द्यायचं ते आता बंद झालंय), २ जीबी रॅम पुरे, डिस्क २५ जीबी. खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर समजा की हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची व्हीएम यंत्रणा) मध्ये आलंय, म्हणूनच सगळं रखडतंय. कोरं विंडोज आयई ८ सकट चालू झालं की लगेच स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) घ्या, मग ११ टाका, परत स्नॅपशॉट. आता कधीही मागे जाता येतं, अनइन्स्टॉलची भानगड नाही.

व्हीएममधून तुमची लोकल साईट बघायला लोकलहोस्ट टाकून उपयोग नाही, तो व्हीएमचा स्वतःचा झाला. लॅपटॉपचा लॅनवरचा आयपी टाका आणि डेव्ह सर्व्हर ०.०.०.० वर चालवा, म्हणजे तो बाहेरच्या मशीनलाही दिसेल, फायरवॉल विचारेल तेव्हा हो म्हणा. बाकी त्या व्हीएममधून मेल-बिल उघडत बसू नका, विंडोज ७ चे सिक्युरिटी अपडेट जानेवारी २०२० लाच थांबलेत.

आणि खरं सांगू का, पतसंस्थेचा काउंटर अजून त्यावर चालतोय हे पोर्टलपेक्षा मोठं दुखणं आहे. मशीन बदलेपर्यंत निदान फायरफॉक्सचं ईएसआर (जास्त काळ अपडेट मिळणारी आवृत्ती) ११५ तरी टाकून द्या म्हणावं, विंडोज ७ वर चालणारं ते शेवटचं, आणि तुमचं निम्मं कामही वाचेल. हे तुमच्या कोटेशनच्या मेलमध्ये लेखी टाका, तोंडी सांगितलेलं कुणी लक्षात ठेवत नाही.

प्रश्न : माझ्याकडे एम२ चा मॅक आहे. त्यावर एक्सपी टाकून आयई ८ बघता येईल का?

उत्तर : येईल पण रडतखडत. चिप एआरएम, एक्सपी इंटेलचं, त्यामुळे यूटीएममध्ये (मॅकवर व्हीएम चालवायचं अॅप) अख्खा प्रोसेसरच नकली उभा करावा लागतो. शिवाय एक्सपीवरचं आयई ८ टीएलएस १.० (एचटीटीपीएसमागची सुरक्षा पद्धत, तिची जुनी आवृत्ती) च्या पुढे जात नाही, म्हणजे आजच्या बहुतेक एचटीटीपीएस साईट तिथे उघडतच नाहीत, डिझाईन बिघडलंय का बघायची वेळच येत नाही. मराठी साईट असेल तर रीजनल सेटिंगमधून कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या फाईली टाकाव्या लागतात (एक्सपीची सीडी मागतं), नाहीतर जोडाक्षरं सुटी पडतात आणि वेलांटी भलतीकडे जाऊन बसते, उगाच स्वतःच्या कोडला दोष देत बसाल. क्लायंटने लेखी मागितलं नसेल तर या वाटेला जाऊ नका, आणि मागितलंच असेल तर ओळखीच्याकडून एखादा जुना इंटेल लॅपटॉप आणा, त्यावर हेच काम संध्याकाळपर्यंत उरकेल.