एंडोस्कोपी रूममधल्या नव्या सिस्टरला

प्रिय बाळा,

परवा तू विचारलंस की स्कोप, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, तर डॉक्टर करतात मग आपलं काम काय, ट्रॉली लावायची आणि पेशंटला डाव्या कुशीवर वळवायचं एवढंच का. नाही गं. पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढलेली गाठ, सापडणार की राहून जाणार हे अर्धंअधिक आदल्या दिवशी पेशंटच्या घरीच ठरतं, आणि तू त्याला काय आणि कसं सांगितलंस त्यावर ठरतं.

पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, सगळ्यांचा होतही नाही, आणि तेवढ्या मुदतीत तो दिसला तर डॉक्टर तिथेच तारेच्या फासात धरून काढून टाकतात, कॅन्सर होण्याआधीच विषय संपतो. १९६९ मध्ये न्यूयॉर्कला वुल्फ आणि शिन्या या डॉक्टरांनी हे स्कोपमधून करून दाखवलं, त्याआधी आतड्यात खूप वर असलेल्या पॉलिपसाठी पोट उघडावं लागायचं. पण दिसायला तर हवा ना. उजव्या बाजूचे कितीतरी पॉलिप चपटे असतात, त्यावर थोडा जरी मळ बसलेला असला तरी ते कॅमेऱ्यासमोरून निघून जातात.

म्हणून पेशंटला नुसतं 'हलकं खा' सांगू नकोस, हलकं म्हणजे पालकाची भाजी आणि पेरू असंच लोकांना वाटतं. नाव घेऊन सांग, दोन-तीन दिवस पालेभाजी, टोमॅटो, काकडी, पेरू, डाळिंब, तीळ, दाण्याचं कूट, मोडाची कडधान्यं बंद, मऊ भात चालेल. आदल्या दिवशी नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा, पण कोकम आणि बीट नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. आणि हे घरात जो स्वयंपाक करतो त्याला सांग, काकांना सांगून काही उपयोग नाही, ते फक्त मान हलवतात. पोट साफ करायच्या पावडरचं अर्धं पाणी संध्याकाळी आणि अर्धं पहाटे, हा पहाटेचा डोस लोक हमखास टाळतात, कोण उठणार म्हणून, पण उजवी बाजू त्यानेच साफ होते. शेवटी संडासला लघवीसारखं पिवळसर स्वच्छ पाणी पडायला हवं, असंच सांग, लाजू नकोस, तू लाजलीस की पेशंट पुढचं विचारतच नाही. रक्त पातळ करायच्या, शुगरच्या, लोहाच्या गोळ्या चालू आहेत का ते आठवणीने विचार आणि डॉक्टरांना सांग, पेशंटने स्वतःच्या मनाने काही बंद करायचं नाही.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. संडासातून रक्त पडतंय आणि माणूस वर्ष-वर्ष मूळव्याधीचं चूर्ण खातोय. मूळव्याध असेलही, पण मूळव्याध आहे म्हणून वर काही नाही असं होत नाही. पन्नाशीच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन कमी आलं की टॉनिक लिहून देतात, रक्त जातंय कुठून ते कोणी शोधत नाही. आपल्या देशात सरकारी तपासणी तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी आहे, मोठ्या आतड्यासाठी तसा कार्यक्रम नाही, अमेरिकेत मात्र २०२१ पासून काही त्रास नसला तरी पंचेचाळिशीला तपासणी सुरू करा असं सांगतात. त्यामुळे आपल्याकडे पेशंट येतो तो बहुतेक वेळा त्रास सुरू झाल्यावरच, आणि तू रिसेप्शनला उभी असताना कोणी 'मूळव्याधच आहे, तारीख पुढची द्या' म्हणालं तर तारीख अलीकडची दे. तिशी-चाळिशीतला असला तरी.

बायॉप्सीत, म्हणजे आतून काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत, कॅन्सर निघाला की घरच्यांचं सगळं लक्ष ऑपरेशनकडे असतं, ते बरोबरच आहे, पण थोडे दिवस गेले की भावंडांना आणि मुलांना बोलाव. त्यांची स्कोप चाळिशीला, किंवा घरातल्या पेशंटला ज्या वयात निघाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा. वडिलांना ४६ व्या वर्षी निघाला असेल तर मुलाची ३६ व्या वर्षी. डिस्चार्ज कार्डवर हे डॉक्टरांकडून लिहून घे आणि मुलाचा मोबाइल नंबर फाइलवर टिपून ठेव, बायकोचा नको, ती दवाखान्याचा फोन उचलताना आधीच घाबरलेली असते.

तुझी,
सिस्टर मावशी