तिसरीतल्या मुलाचे वाचन शाळेत नेमके कसे तपासतात?

प्रगतिपत्रकात मराठीपुढे नुसते 'ब-1' लिहिलेले असते आणि त्यावरून मुलाला वाचता येते की नाही हे कळत नाही, ही पालक म्हणून आपली तक्रार रास्त आहे. 'ब-1' म्हणजे 71 ते 80 टक्के. महाराष्ट्रात 2010 पासून लागू असलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तिसरी-चौथीसाठी 60 टक्के भार आकारिक, म्हणजे शिकवतानाच वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाला आणि 40 टक्के संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटी होणाऱ्या मूल्यमापनाला असतो. श्रवण, भाषण, वाचन आणि लेखन यांची मिळून मराठीची एकच श्रेणी लागत असल्याने उत्तम बोलणारे, पण अडखळत वाचणारे मूल तिच्यात सहज झाकले जाते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक वर्गांना शिकवतो. वाचनाची खरी तपासणी आम्ही मुलाला जवळ बसवून, एकेकट्याने, त्याने न पाहिलेला उतारा वाचायला देऊन करतो. पाठ्यपुस्तकातला धडा यासाठी निरुपयोगी असतो, कारण वर्गात वारंवार ऐकून तो मुलांना पाठ झालेला असतो आणि काहींची नजर तर पानावर नसतानाही वाचन अस्खलित चालू राहते. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या पायऱ्या ग्रामीण मुलांचे वाचन घरोघरी जाऊन तपासणाऱ्या 'असर' सर्वेक्षणामुळे अनेक पालकांना ठाऊक आहेत. शाळेतही साधारण त्याच वापरतात, परंतु केवळ पायरी ठरवून शिक्षकाचे काम संपत नाही. मूल कुठे अडते, हे त्याहून महत्त्वाचे असते. 'सूर्य'चे 'सुरय' करणाऱ्याला रफाराचा सराव हवा असतो, तर 'गाव'ऐवजी 'गवत' म्हणून पुढे जाणारा पहिले अक्षर पाहून अंदाज बांधत असतो. वाक्य पुढे जुळत नाही हे जाणवून जो स्वतःच मागे येऊन शब्द सुधारतो, त्याची ती चूक मी धरत नाही, कारण तो अर्थ लावत वाचतो आहे. 'पाणी' छापलेले असताना घरच्या बोलीप्रमाणे 'पानी' म्हणणे हीसुद्धा माझ्या मते वाचनातली चूक नव्हे, जरी काही शिक्षक तसे मानत असले तरी.

वेगाबद्दल सांगायचे, तर केंद्र सरकारने 2021 साली सुरू केलेल्या, मुलांच्या पायाभूत वाचन-गणितासाठीच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान 60 शब्द, तेही अर्थ समजून, वाचता यावेत अशी अपेक्षा आहे. मराठीत 'घर' हाही एक शब्द आणि 'घराजवळच्यांनासुद्धा' हाही एकच, तेव्हा हा आकडा मी ढोबळच मानतो. वाचून झाल्यावर आम्ही दोन-तीन प्रश्न विचारतो, त्यातला एक तरी असा की ज्याचे उत्तर उताऱ्यात सरळ लिहिलेले नसते.

हे सर्व वर्णनात्मक नोंदींत उतरायला हवे, पण पटसंख्या मोठी असली की 'वाचन समाधानकारक' एवढेच लिहिले जाते. म्हणून वर्गशिक्षकांना श्रेणीविषयी विचारण्याऐवजी, मुलाने अलीकडे कोणता अनोळखी उतारा वाचला, कोणत्या शब्दांवर अडला आणि वाचून झाल्यावर त्याने काय सांगितले, असे विचारावे.