मी अबोल मुलगी आहे, पुण्यात नोकरीला आले आहे आणि माणसांची भीती वाटते. स्वभाव कसा बदलू?

तू लिहिलं आहेस की वय 25, लातूरहून येऊन हिंजवडीत नोकरीला लागलीस, मीटिंगमध्ये तोंडून शब्द फुटत नाही, डबा जागेवरच खातेस, रूममेट 'घुमी' म्हणते, आईला काळजी की असल्या स्वभावानं सासरी कसं निभेल. शिवाय पुढच्या महिन्यात ऑफिसची लोणावळ्याची ट्रिप आहे, तिला जावं की काही कारण काढावं, हेही विचारलं आहेस. वयानं लहान आहेस म्हणून एकेरीत लिहिते. मी पुण्यातच वाढले, भोसरीच्या एका कारखान्यात अकाउंट्सचं काम बघते, आणि पहिल्यापासून अबोल आहे. अजूनही.

तुझ्या प्रश्नात दोन गोष्टींचा गुंता झाला आहे: एकटं राहायला आवडणं आणि माणसांची भीती वाटणं. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी 1921 मध्ये अंतर्मुख-बहिर्मुख ही विभागणी मांडली ती माणसाचा ओढा आत आहे की बाहेर, एवढ्यापुरती. त्यात आजार किंवा उणीव असं काही नव्हतं. आता समज, ट्रिप पावसामुळे रद्द झाली. तुला हायसं वाटलं आणि तो शनिवार खोलीत मजेत गेला, तर तो तुझा स्वभाव. हायसं वाटलं, पण संध्याकाळी 'आपणही गेलो असतो तर' अशी रुखरुख लागली, तर तिथे भीती आहे. पहिलं जपायचं, दुसऱ्यावर काम करायचं. बहुतेक लोक आपल्याला पहिलंच बदलायला लावतात आणि त्यात सगळी शक्ती जाते.

बाईच्या बाबतीत हा गुंता जास्तच. लहानपणी 'मुलीच्या जातीनं मोठ्यानं बोलू नये' म्हणून गप्प करायचं, आणि मोठेपणी हळदीकुंकवाला, भोंडल्याला, डोहाळजेवणाला तिनं सगळ्यांत मिसळून हसत बोलावं ही अपेक्षा. नाही बोलली तर ती शिष्ट किंवा माणूसघाणी. त्यामुळे आपलं किती गप्प राहणं आपलं आहे आणि किती लादलेलं, हे आपल्याला स्वतःलाच कळेनासं होतं. मी हळदीकुंकवाला जाते, तिळगूळ वाटायचं काम मागून घेते आणि तासाभरात 'निघते आता' म्हणून निघते. हाताला काम असलं की बोलणं आपोआप होतं. रविवारी सकाळी एकटीच तळजाईच्या टेकडीवर जाते, त्याबद्दल कुणाला काही सांगत बसत नाही.

याच शहरातल्या रमाबाई रानड्यांचं मला फार वाटतं. 1873 मध्ये, अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या आल्या आणि न्यायमूर्ती रानडे त्यांना शिकवू लागले. घरातल्या वडीलधाऱ्या बायका टोमणे मारायच्या. रमाबाई उलट उत्तर देत नसत, पण अभ्यासही सोडत नसत. पुढे 1904 मध्ये मुंबईला भारत महिला परिषदेच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या आणि 1909 मध्ये त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. त्यांच्या गप्प राहण्यानं त्यांचं काम कुठेच अडलं नाही.

आता भीतीकडे येऊ. आपण एखादी गोष्ट टाळतो तेव्हा लगेच बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यानंच भीतीला खतपाणी मिळतं, कारण आपण निभावून नेलं असतं हे मनाला कळायची संधीच मिळत नाही. म्हणून ज्याची थोडीच भीती वाटते तिथून सुरुवात करायची, आणि धडधड ओसरेपर्यंत तिथून पळायचं नाही. मोबाइलमध्ये डोकं घालणं, वाक्य मनात दहा वेळा घोकणं, हेही टाळणंच. लक्ष स्वतःच्या आवाजावर न ठेवता समोरच्याच्या चेहऱ्यावर ठेवलं की फरक पडतो.

माझी पायरी बसमध्ये होती. पीएमपीत डावीकडची आसनं बायकांसाठी राखीव, आणि त्यावर हमखास कुणीतरी पुरुष बसलेला. एकदा स्वारगेटहून मी धीर करून म्हटलं, "काका, ही लेडीज सीट आहे." त्यांना ऐकूच गेलं नाही. खिडकीबाहेर बघत राहिले. तळहात ओले, कान तापलेले, मागच्या दोघीजणी माझ्याकडे बघताहेत. तेव्हा मला लख्ख कळलं की आपल्यासारख्यांना पहिलं वाक्य जमतं. ते कुणी ऐकलं नाही की आपण आवंढा गिळून मागे होतो, आणि वर्षानुवर्षं असंच चालतं. मी पुन्हा म्हटलं, तेच शब्द, जरा मोठ्यानं, हात दांडीवर ठेवून. ते पुटपुटत उठले. बाकी काही झालं नाही.

म्हणून तुला माझं सांगणं: दुसऱ्यांदा म्हणायची सवय कर. मीटिंगमध्ये कुणी मध्येच तोडलं तर "माझं पूर्ण करते" एवढंच, आणि पुढचं वाक्य. पहिल्या पाचेक मिनिटांत काहीतरी बोल, एखादा साधा प्रश्नही चालेल. जितका उशीर तितकं तोंड उघडणं जड जातं. मुद्दे आदल्या दिवशी मेलनं पाठवून ठेवलेस तर लीडच विचारेल, "तू ते लिहिलं होतंस ना, सांग." डबा पूर्ण टेबलाबरोबर खायची गरज नाही. एका कुणाबरोबर खा.

पण सगळीच भीती घालवायची नसते. रात्री अनोळखी कॅबमध्ये पोटात गोळा येतो तो योग्य आहे, त्याचं ऐक. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय करावी लागते. ती मागायला लाजू नकोस. ऑफिसात कुणी लगट केली, घाणेरडं बोललं, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती असायलाच हवी. तिच्याकडे तक्रार लेखी करायची असते, साधारण तीन महिन्यांच्या आत. मोठ्यानं भांडता येत नाही म्हणून गप्प बसणाऱ्या कितीतरी जणी मी पाहिल्या आहेत. अगं, तिथे भांडायचं नसतंच. तारीख, वेळ, काय झालं, कोण हजर होतं, हे ज्या त्या दिवशी लिहून ठेव. लिहिणं आपल्याला येतं.

आणि छातीत धडधड, रात्र रात्र झोप नाही, कामावर जाणंच टळू लागलं, असं असेल तर हे सगळं एकटीनं करत बसू नकोस. मनाच्या त्रासासाठी असलेल्या टेलि-मानस हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आणि चोवीस तास आहे. हळू आवाजात बोललीस तरी चालेल.

आईला सांग, सासर बघताना मुलाला आधीच सांगायचं की मी कमी बोलते. ज्याला हे चालत नाही त्याच्याशी लग्न होऊन कुणाचंच निभणार नाही.

राहिली ट्रिप. रुखरुख लागणार असेल तर जा. खोली कुणाबरोबर हे आधीच विचारून घे, आणि डब्याला जिच्याबरोबर बसशील तिचं नाव सुचव. दुपारी जेवणानंतर तासभर एकटी फिरून ये, कुणी विचारलं तर "जरा चालून येते" एवढं सांगितलं की पुरे. रात्री गाण्याच्या भेंड्या रंगल्या आणि तुला झोप आली, तर झोपायला जा.