वॉरंटी 15 वर्षांची, तक्रारीची मुदत मात्र दोनच वर्षांची

उदगीरच्या एका ताईंनी लिहिलं आहे. 2023 च्या दसऱ्याला त्यांनी कडप्प्याचा जुना ओटा काढून क्वार्ट्‌झचा बसवला. दगड संभाजीनगरच्या विक्रेत्याचा, कारागीरही त्याचाच, खर्च 62 हजार. पुढच्या संक्रांतीला शेगडीसाठी कापलेल्या कोपऱ्यातून तडा निघाला. तेव्हापासून विक्रेता म्हणतोय, ‘कंपनीचा माणूस येईल.’ वॉरंटी 15 वर्षांची आहे, मग थांबायला काय हरकत, असं त्या विचारतात. ओटा, फरशी, दारं, मोड्युलर कपाटं, वस्तू कोणतीही असो, हाच प्रश्न माझ्याकडे सारखा येतो.

ताई, थांबू नका. 15 वर्षं हा कंपनीने तुम्हाला दिलेला शब्द आहे. तो मोडला तर ग्राहक आयोगाकडे जायची मुदत ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 ने ठरवली आहे, आणि ती तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. तड्याचा पहिला फोटो तुम्ही 17 जानेवारी 2024 ला विक्रेत्याला पाठवलात. आज डिसेंबर 2025 उजाडलाय. विक्रेत्याच्या ‘बघतो’, ‘पाठवतो’ या निरोपांनी मुदत पुढे सरकत नाही. विलंब माफ करायचा अधिकार आयोगाला आहे, पण त्यासाठी सबळ कारण लागतं. विक्रेता गोड बोलत राहिला, हे कारण फार दुबळं. कंपनीने नकार दिला त्या दिवसापासून मुदत मोजा, असा युक्तिवाद करता येईल, पण तुमचं प्रकरण मी त्यावर टांगून ठेवणार नाही. तक्रार याच महिन्यात दाखल झाली पाहिजे. वकिलाची नोटीस आधी दिलीच पाहिजे असं कायद्यात नाही. द्यायची तर द्या, उत्तराची वाट बघू नका.

संभाजीनगरला खेटे घालायची गरज नाही. तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात जाता येतं, म्हणजे तुम्हाला लातूर. ऑनलाइनही दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

आता मला राग येतो ती गोष्ट. जीएसटी वाचवायला तुम्ही साध्या कागदावरची चिठ्ठी घेतलीत. 62 हजारांचा व्यवहार आणि त्यावर ना स्लॅबचं नाव, ना विक्रेत्याची सही! पक्कं बिल न देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथाच आहे, तेही तक्रारीत घाला. पण खरेदी सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर राहतं. यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचे संदेश, वॉरंटी कार्ड, सगळं तारखेनुसार लावून ठेवा.

कंपनी म्हणेल, गरम तवा ठेवला म्हणून तडकलं. क्वार्ट्‌झमध्ये दगडाचा चुरा साधारण 90 टक्के, बाकी रेझिन, म्हणजे तो चुरा बांधून ठेवणारा राळेसारखा पदार्थ; रेझिनला उष्णता सोसत नाही आणि वॉरंटीत उष्णतेचं नुकसान बहुधा वगळलेलं असतं. पण शेगडीच्या कापाचा आतला कोपरा गोल न ठेवता काटकोनात कापला तरी तिथे ताण येऊन तडा जातो. ती चूक कारागिराची, आणि कारागीर विक्रेत्याने पाठवलेला. तुमच्या घरी नेमकं काय झालं, ते पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. म्हणून विक्रेता आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा. भाकरीचा तवा कधी ओट्यावर टेकवला असेल तर प्रतिज्ञापत्रात ‘कधीच नाही’ असं लिहू नका; उलटतपासणीत ते एक वाक्य सगळी तक्रार बुडवेल.

निकाल कधी लागेल, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कायदा म्हणतो तीन महिने, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि माणसं थकून तडजोड करतात, याची मला चीड येते. मधल्या काळात विक्रेता तडा भरून देतो म्हणाला, तर ‘माझी काही तक्रार उरली नाही’ अशा कागदावर सही करू नका.

आणि ओटा आत्ताच उपटून टाकू नका. सिंकसाठी कापलेला तुकडा कारागीर बहुतेक वेळा घरीच टाकून जातो. परसात, माळ्यावर शोधा. तो त्याच स्लॅबचा असेल तर तपासणीला नमुना म्हणून मागता येईल. सापडला की फोटो काढा आणि धुणं धुवायला घेतला असेल तर आजच उचलून ठेवा.