ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये हॉलचा दिवसाचा रेंडर (संगणकाने तयार केलेलं चित्र): खोली अंधारी, बाल्कनीचं दार पांढरंफटक आणि बाहेरचा फोटो मळकट. काय चुकतंय?

तुमच्या वर्णनावरून सेटअप असा दिसतो: ब्लेंडर 4.3, सायकल्स (उजेडाच्या किरणांचा हिशेब करणारं त्याचं रेंडर इंजिन), पुण्यातल्या 11व्या मजल्यावरचा हॉल, दक्षिणेला बाल्कनीचं सरकतं काचेचं दार, वर्ल्डमध्ये निशिता स्काय (ब्लेंडरचं तयार आकाश) आणि बाहेरच्या देखाव्याचा फोटो लावलेला एक प्लेन (सपाट पृष्ठभाग). अंधार घालवायला तुम्ही सीलिंगखाली दोन एरिया लाइट लावलेत. ते आधी काढा. त्यांनी खोली उजळते खरी, पण सोफ्याखालच्या सावल्या पुसल्या जातात आणि दारातून येणाऱ्या उजेडाला दिशा उरत नाही. फर्निचर तरंगल्यासारखं दिसतं ते त्यामुळेच.

मुळात तुमच्या खोलीत उजेड कमी नाही, तो अडतोय. दोन ठिकाणी.

पहिली अडचण काचेची. दाराला साधा ग्लास बीएसडीएफ (काचेचा शेडर, म्हणजे पृष्ठभाग उजेडाशी कसा वागतो ते ठरवणारा नोड) लावला की सायकल्सच्या हिशेबात त्या काचेची सावली पडते. आकाशाचा उजेड थेट न येता कॉस्टिक (काचेतून वाकून आलेला उजेड) म्हणून वाट काढत येतो. म्हणजे थोडा, उशिरा आणि भरपूर दाण्यांसकट. रेंडर सेटिंगमध्ये रिफ्रॅक्टिव्ह कॉस्टिक्स बंद केलं असेल तर तोही येत नाही. खात्री करायला काच लपवून 64 सॅम्पलचा एक रेंडर काढा. खोली एकदम उजळली तर दोषी सापडला. मग मटेरियल असं बांधा: मिक्स शेडर घ्या, वरच्या सॉकेटला ग्लास, खालच्याला ट्रान्स्परंट बीएसडीएफ. लाइट पाथ नोडमधले 'इज शॅडो रे' आणि 'इज डिफ्यूज रे' हे दोन्ही मॅथ नोडच्या मॅक्सिममला जोडा आणि त्याचं उत्तर मिक्सच्या फॅक्टरला द्या. कॅमेऱ्याला काच दिसते, उजेडाला दिसत नाही. काचेतलं प्रतिबिंब फ्रेममध्ये येतच नसेल तर एवढाही खटाटोप नको, काच सरळ उडवून टाका.

दुसरी अडचण तो फोटोचा प्लेन. दारासमोर उभा केलेला एवढा मोठा पडदा आकाशच झाकतो. ऑब्जेक्ट प्रॉपर्टीजमध्ये व्हिजिबिलिटी, तिथे रे व्हिजिबिलिटी. डिफ्यूज आणि शॅडो बंद करा. कॅमेरा, ग्लॉसी आणि ट्रान्समिशन चालू राहू द्या. ग्लॉसी बंद केलं तर चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्समध्ये एक दृश्य आणि काचेपलीकडे दुसरंच असा प्रकार होतो.

रस्ता मोकळा झाला की दाराच्या मापाचा एक एरिया लाइट चौकटीच्या किंचित बाहेर ठेवून त्याचं 'पोर्टल' टिकमार्क करा, बाणाची दिशा आत. पोर्टल स्वतः उजेड देत नाही, आकाशाची किरणं कुठून शोधायची एवढंच सायकल्सला सांगतो. किचनच्या खिडकीतूनही हॉलमध्ये उजेड येत असेल तर तिलाही एक द्या. काच जुनीच ठेवून पोर्टल लावला तर काही फरक पडत नाही; 'पोर्टल लावूनही नॉइज (दाणे) जात नाही' ही तक्रार बहुतेकदा त्यातूनच येते.

आता बाउन्स, म्हणजे उजेडाच्या उसळ्या. डिफ्यूजचा डीफॉल्ट 4 असतो, खोल हॉलला तो 8 करा. पण त्याआधी भिंतींचा रंग तपासा. बेस कलर 0.8 असेल तर चार उसळ्यांनंतर 41 टक्के उजेड शिल्लक राहतो, 0.5 असेल तर जेमतेम 6 टक्के. स्क्रीनवर पांढरट भासणारी भिंत प्रत्यक्षात 0.5 ची असणं फार नेहमीचं आहे. हेक्समध्ये (रंगाच्या सहा अक्षरी कोडमध्ये) ई7ई7ई7 म्हणजे 0.8. त्याच्या वर जाऊ नका, 1.0 तर नकोच. खऱ्या भिंतीचा कुठलाच रंग पडलेला सगळा उजेड परत फेकत नाही. दोष मटेरियलचा की लाइटिंगचा हे कळायला व्ह्यू लेयरमधला मटेरियल ओव्हरराइड वापरून सगळं राखाडी करून पाहता येतं. मात्र त्याआधी काच आणि फोटोचा प्लेन लपवा, नाहीतर ओव्हरराइडमुळे काचही भिंतीसारखी बंद होते आणि चाचणीच फसते.

एवढं झाल्यावर मग एक्सपोजर. भर उन्हातलं दृश्य आणि घरातला हॉल यांच्यात 7 स्टॉपचा फरक सहज असतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), म्हणजे 128 पट. त्यामुळे खोली नीट दिसेल अशा एक्सपोजरला बाहेरचं थोडं जळणारच. फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यातही जळतं. कलर मॅनेजमेंटमध्ये व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रेंडरचा उजेड स्क्रीनच्या आवाक्यात बसवण्याची पद्धत) एजीएक्स ठेवा. स्टँडर्ड असेल तर दार पांढरंफटक होण्याचं अर्धं कारण तिथेच आहे. तात्पुरता 'फॉल्स कलर' (उजेडाची पातळी रंगांनी दाखवणारा व्ह्यू) लावून एक्सपोजर फिरवा: राखाडी पट्टा म्हणजे मध्यम उजेड, तो साधारण सोफा आणि त्यामागच्या भिंतीवर यायला हवा. आकडा 1 ने वाढवला की उजेड दुप्पट होतो, म्हणून 0.5 च्या पावलांनी चला. खोली निळसर झाली असेल तर तो आकाशाचा रंग आहे. कलर मॅनेजमेंटमधलाच व्हाइट बॅलन्स चालू करून तापमान 6500 वरून 7500–8500 पर्यंत चढवा. भिंतीला पिवळा रंग देऊन निळेपणा झाकू नका.

फोटोचं काम सगळ्यात शेवटी, कारण त्याचा उजळपणा एक्सपोजरवर अवलंबून आहे. तो मळकट दिसतो याचं कारण असं की जेपीजी फोटो कॅमेऱ्याने आधीच स्क्रीनसाठी तयार केलेला असतो आणि एजीएक्स त्यावर पुन्हा तीच प्रक्रिया करतो. प्लेनला प्रिन्सिपल्डऐवजी नुसता एमिशन शेडर लावा, फोटोनंतर गॅमा नोड घालून 1.3 च्या आसपास ठेवा आणि स्ट्रेंग्थ 2, 4, 8 अशी दुप्पट करत बघा. आतल्या भिंतीपेक्षा बाहेरचं एक ते दीड स्टॉप उजळ वाटलं की थांबा. आत-बाहेर सारखं केलं की देखावा भिंतीवर टांगलेल्या पोस्टरसारखा दिसतो.

दुसरा मार्ग: फिल्ममध्ये ट्रान्स्परंट चालू करा, त्याखालचा 'ट्रान्स्परंट ग्लास'ही, 16 बिट पीएनजी काढा आणि फोटो नंतर मागे बसवा. रंगांवर ताबा चांगला राहतो, पण टाइल्समधलं प्रतिबिंब आकाशाचंच येतं. तुमची फरशी चकचकीत आहे, तेव्हा मी प्लेनच ठेवेन.

एचडीआरआय (सगळा परिसर टिपणारा 360 अंशांचा फोटो) हीच पार्श्वभूमी म्हणून का नको? 4के एचडीआरआयमध्ये 360 अंशांना 4096 पिक्सेल, म्हणजे अंशाला 11 च्या आसपास. 24 मिमी लेन्स सुमारे 74 अंश बघते, तेव्हा पूर्ण फ्रेमच्या वाट्याला 840 पिक्सेल येतात. 1920 च्या रेंडरमध्ये ते धूसरच दिसणार.

प्लेन 25–30 मीटर लांब ठेवा आणि फोटोतलं क्षितिज कॅमेऱ्याच्या उंचीला आणा. मजला कुठलाही असो, क्षितिज डोळ्याच्या पातळीलाच येतं. बदलतो तो खालच्या गच्च्या आणि झाडं वरून दिसण्याचा कोन. म्हणून सोसायटीच्या गेटवर उभं राहून काढलेला फोटो 11व्या मजल्याला कधीच बसत नाही. कॅमेरा वर-खाली कलवू नका, गरज पडली तर व्हर्टिकल शिफ्ट वापरा.

'हॉलभर ऊन पडलेलं हवं' असं तुम्ही लिहिलंय. दक्षिणेच्या दारातून ते महिन्यावर अवलंबून आहे. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेलाच असतो, त्या वेळी दक्षिणेतून थेट ऊन येणारच नाही. 21 डिसेंबरच्या माध्यान्ही तो साधारण 48 अंशांवर असतो. वरच्या बाल्कनीचा स्लॅब 1.5 मीटर बाहेर आणि फरशीपासून 2.7 मीटर उंच धरला, तर ऊन दाराच्या आत जेमतेम 90 सेंटिमीटर येतं. त्याहून आत आणायचं तर सन पोझिशन अ‍ॅडऑनमध्ये पुण्याचे अक्षांश-रेखांश आणि टाइमझोन 5.5 भरा आणि डिसेंबरमधली सकाळी साडेआठ किंवा दुपारी चारची वेळ निवडा. सूर्य खाली असल्याने ऊन तिरपं आणि लांब शिरतं. फक्त फोटोतल्या इमारतींवरचं ऊन त्याच बाजूचं आहे ना, तेवढं पाहून घ्या.