ठेकेदाराने ब्रेक दिला, तर ईएसआयमधून बेकारी भत्ता मिळतो का? अर्ज कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की चाकणला ठेकेदारामार्फत तीन वर्षं काम केलं, पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापला जायचा, आणि गेल्या महिन्यात ब्रेक देऊन, म्हणजे काम तात्पुरतं थांबवतो म्हणून, पुन्हा बोलावलंच नाही. मग अर्ज जरूर करा. योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, 1 जुलै 2018 पासून सुरू आहे. मी 2020 मध्ये तिचे पैसे घेतले आहेत, म्हणून खात्रीने सांगते.

आधी एक सांगा, राजीनाम्यावर सही तर केली नाहीत ना? जून 2020 मध्ये आम्हा पॅकिंगच्या बायकांना एकेक करून ऑफिसात बोलावलं. टेबलावर छापील कागद होता, 'घरगुती कारणास्तव काम सोडत आहे'. खाली फक्त नाव आणि सही करायची बाकी. "सही करा, हिशोब लवकर होईल," म्हणाले. माझ्या शेजारी चार वर्षं खोकी चिकटवणाऱ्या मैत्रिणीने सही केली. मी "घरी विचारून सांगते" म्हणाले आणि उठले. स्वतःहून काम सोडणाऱ्याला हा भत्ता नाही, त्यामुळे तिचा अर्ज बसला नाही. दोघींचा पगार एक, कपात एक, आणि तिला एक रुपयाही नाही. मला आजही त्याचं वाईट वाटतं. गैरवर्तनाबद्दल काढलेल्यालाही मिळत नाही, म्हणून 'कामावरून कमी केलं' असं लेखी मिळालं तर तो कागद जपून ठेवा.

आता तुमचा ईएसआय नंबर तपासा. ठेकेदार बदलला की जुना नंबर न विचारता नवीनच काढतात, हे आपल्याकडे सर्रास चालतं. मग तीन वर्षांची कपात दोन नंबरांवर विभागली जाते आणि कुठेच दोन वर्षं भरत नाहीत. असं झालं असेल तर दोन्ही नंबर घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा आणि अर्जाआधी एकत्र करून घ्या. काम सुटण्याआधी किमान दोन वर्षं विमा असलेली नोकरी हवी. वर्षात दोन सहामाही धरतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काम सुटण्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी, आणि त्याच्या मागच्या तीनपैकी एकीत आणखी 78.

पैसे किती? माझा पगार 12,000 होता. चार सहामाहींचे 2,88,000, भागिले 730 दिवस, म्हणजे रोजचे 394 रुपये. त्याचे निम्मे, 90 दिवसांचे, मिळून 17 हजारांच्या वर खात्यात आले. मुळात दर 25 टक्के होता, 2020 मध्ये काही मुदतीसाठी 50 केला आणि ती मुदत पुढे वाढवत नेली. आत्ता कुठला दर लागू आहे ते खिडकीवरच विचारून घ्या. भत्ता आयुष्यात एकदाच मिळतो, जास्तीत जास्त 90 दिवसांचा.

काम सुटल्याला 30 दिवस झाले की अर्ज करता येतो, मात्र वर्षाच्या आत करायचा. ईएसआयसीच्या (ईएसआय चालवणाऱ्या महामंडळाच्या) पोर्टलवर विमाधारक म्हणून लॉगिन करून भरायचा. आधार आणि पासबुकच्या पहिल्या पानाची प्रत जोडायची. तिथे अपलोड झालं नाही तर अर्जाची प्रिंट काढा, सही करा आणि कागदांसकट शाखा कार्यालयात द्या. मालकाकडून किंवा ठेकेदाराकडून शिक्का आणावा लागत नाही, त्यामुळे त्याच्या मागे फिरू नका. मी भरला तेव्हा नोटरीचं प्रतिज्ञापत्र लागायचं, नोव्हेंबर 2020 मध्ये ती अट काढली. माझं अडलं ते नावावर. आधारवर आडनाव शेवटी आणि ईएसआयच्या नोंदीत आधी, तेवढ्यासाठी अर्ज परत आला. तुमचं आत्ताच जुळवून बघा.

दवाखान्याचं कार्ड लगेच फेकू नका. ऑक्टोबर ते मार्च भरलेल्या वर्गणीवर पुढच्या जुलै ते डिसेंबर उपचार मिळतात. माझं काम जूनमध्ये सुटलं, तरी ह्यांच्या शुगरच्या गोळ्या डिसेंबरपर्यंत तिथूनच आणल्या.

कारखानाच बंद पडला असेल किंवा कायद्याप्रमाणे कामगारकपात झाली असेल, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचंही विचारा. तिच्यात 24 महिन्यांपर्यंत भत्ता आहे, पहिल्या वर्षी 50 टक्के आणि दुसऱ्या वर्षी 25.

आणि खिडकीवर मान खाली घालून उभे राहू नका. माझ्या पगारातून आधी महिन्याला 210 रुपये जायचे, जुलै 2019 पासून 90. तुमच्याही स्लिपवर तो आकडा असेल. जुन्या स्लिपा शोधून सोबत न्या, आणि कागद दिलेत की पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.